बोलत राहा, वेळ खा: जोसेफ बिगर आणि ब्रिटिश संसदेचं घड्याळ

१८७५ साली लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये एखादा सभासद बोलायला उभा राहिला, की त्याला थांबवायची सोय नव्हती. सरकारचं बहुमत कितीही मोठं असो. चर्चा एकाच रीतीने संपायची: ज्यांना बोलायचं आहे त्यांचं बोलून व्हायचं आणि मग स्पीकर प्रश्न मताला टाकायचा. पिढ्यानपिढ्या हे निभावलं, कारण तिथे बसणारे बहुतेक एकाच थरातले, एकाच क्लबातले. किती ताणायचं आणि कुठे आवरतं घ्यायचं, हे त्यांना न सांगता कळायचं. ज्याला हे कळून घ्यायचंच नव्हतं असा एक माणूस १८७४ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यातून निवडून आला. त्याचं नाव जोसेफ गिलिस बिगर. (आडनाव मराठीत लिहिताना गंमत वाटते खरी, पण उच्चार तोच आहे.)

बिगर बेलफास्टचा. धंदा खारवलेल्या डुकराच्या मांसाचा आणि किराणा मालाचा, तोही घाऊक. लंडनची वृत्तपत्रं त्याला ‘खाटीक’ म्हणून हिणवायची. पाठीला बाक, आवाज कर्कश आणि उच्चार अस्सल उत्तर आयर्लंडचे, त्यामुळे व्यंगचित्रकारांना आयतंच फावलं. जन्माने तो प्रेस्बिटेरियन, पुढे कॅथलिक झाला. शहराच्या पाणीपुरवठा मंडळाचं अध्यक्षपद त्याने सांभाळलं होतं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण सभा कशी चालते, ठराव कसा लटकतो आणि हरकत कुठे घ्यायची असते, ते माणूस अशा मंडळांतच शिकतो. त्याखेरीज तो गुप्त क्रांतिकारी संघटनेचाही, म्हणजे आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूडचा सभासद होता. संसदेत जाऊन काहीतरी पदरात पडेल यावर त्या संघटनेचा विश्वास नव्हता. १८७७ मध्ये तिने याच मुद्द्यावरून त्याला वरिष्ठ मंडळातून काढून टाकलं.

१८७४ साली आयर्लंडमधून होमरूलवाले साठेक खासदार निवडून आले होते. त्यांचा नेता आयझॅक बट हा नामांकित वकील आणि सभ्य गृहस्थ. दर वर्षी स्वराज्याचा ठराव मांडायचा, उत्तम भाषण करायचं, प्रचंड फरकाने हरायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, असा त्याचा क्रम. बटला वाटायचं की मुद्दा पटला की इंग्रज देतील. बिगरचा हिशोब वेगळा होता. साडेसहाशे जणांच्या सभागृहात साठ मतांनी काही होत नाही. मात्र मतांपेक्षा जास्त तुटवडा असलेली एक वस्तू तिथे होती, ती म्हणजे वेळ. अधिवेशन साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट. त्यातले काही वार खासगी सभासदांचे, आणि मुख्यतः सोमवार व गुरुवार सरकारी कामाचे. सगळ्या साम्राज्याचं अंदाजपत्रक, लष्कर, वसाहती, तुरुंग, शाळा हे सगळं एवढ्याच तासांत बसवायचं. म्हणून त्याचं सूत्र सोपं होतं: खायचा तर सरकारचा वेळ खायचा, स्वतःच्या वाट्याचा नाही.

हे जमायचं कसं, ते समजण्यासाठी तेव्हाचे नियम बघायला हवेत. बिगरने एकही नियम नवा काढला नाही. जे होते तेच त्याने शेवटच्या अक्षरापर्यंत पाळले.

पहिलं हत्यार लांबलचक भाषण. लिहून आणलेलं भाषण वाचायला तिथे मनाई होती, पण विषयाला धरून कागदपत्रांतले उतारे वाचायला मुभा होती. सरकारचे छापील अहवाल, ज्यांना तिथे ब्लू बुक म्हणत, ढिगाने उपलब्ध होते. २२ एप्रिल १८७५ रोजी आयर्लंडसाठीच्या दडपशाहीच्या विधेयकावर बिगर उभा राहिला आणि जवळजवळ चार तास बोलला. त्यातला बराच वेळ अहवाल आणि वर्तमानपत्रं वाचण्यात गेला. मध्येच आवाज नीट पोचत नसल्याची तक्रार स्पीकरने केली. बिगरने आपले कागद उचलले, तो पुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला की ऐकू आलं नसेल तर पहिल्यापासून सांगतो. योगायोग असा की त्याच दिवशी मीथ मतदारसंघातून पोटनिवडणूक जिंकलेला एक २८ वर्षांचा जमीनदार पहिल्यांदा सभागृहात येऊन बसला होता: चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल.

दुसरं हत्यार मध्यरात्रीचं. १८७१ पासून एक नियम होता: ज्या कामाला विरोध असल्याची सूचना कामकाजपत्रिकेत छापली आहे, ते रात्री साडेबारानंतर घ्यायचं नाही. बड्या विधेयकांना याची झळ नव्हती, ती संध्याकाळीच निघत. लहान खातेनिहाय विधेयकं आणि खासगी सभासदांची विधेयकं मात्र रात्री एकच्या सुमारास, बाकं रिकामी झाल्यावर, पटापट पुढे सरकवली जात. बिगर अशा विधेयकांवर एका ओळीची सूचना टाकून ठेवायचा: ‘हे विधेयक आजपासून ६ महिन्यांनी वाचावं.’ सहा महिन्यांनी अधिवेशनच नसणार, म्हणजे ही विधेयक मारण्याची सभ्य भाषा. एवढी ओळ छापली गेली की त्या विधेयकाला साडेबाराच्या आत जागा शोधावी लागे, आणि ती जागा मोकळी नसायचीच. एक पैसा खर्च नाही, एक शब्द बोलायचा नाही, तरी काम अडलं. माझ्या मते बिगरच्या सगळ्या युक्त्यांत हीच सर्वांत कसबी. चर्चा मात्र लांब भाषणांचीच झाली, कारण ती दिसणारी होती.

तिसरं हत्यार एकदाच चालून बोथट झालं. जुनी प्रथा अशी की कोणाही सभासदाने ‘इथे परके बसलेले दिसतात’ असं म्हटलं की प्रेक्षकांच्या गॅलऱ्या रिकाम्या करायच्या. पत्रकारसुद्धा ‘परके’ आणि राजघराण्यातले पाहुणेही ‘परके’. २७ एप्रिल १८७५ रोजी, वर युवराज (म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड) बसलेला असताना बिगरने हे वाक्य उच्चारलं आणि ब्रिटनच्या भावी राजाला उठून जावं लागलं. पंतप्रधान डिझरायलीने महिनाभरात नियम बदलून घेतला: आता आधी मतदान, मग गॅलरी रिकामी. वापर ठळक झाला की हत्यार काढून घेतलं जातं, हा क्रम इथे पहिल्यांदा दिसला. पुढे प्रत्येक वेळी हेच घडलं.

चौथं हत्यार तहकुबीच्या सूचनांचं. त्याचं यंत्र जरा गुंतागुंतीचं आहे.

पूर्ण सभागृहात एका प्रश्नावर एका सभासदाला एकदाच बोलता येई. पण मध्येच कोणी ‘चर्चा तहकूब करावी’ असं सुचवलं की तो नवा प्रश्न झाला, त्यावर सगळ्यांना पुन्हा बोलायचा हक्क. ती सूचना फेटाळली गेली की ‘सभागृहच तहकूब करावं’ ही दुसरी सूचना, म्हणजे आणखी एक नवा प्रश्न. ती फेटाळली की पुन्हा पहिली. विधेयक कलमवार तपासायला सगळं सभागृह समिती म्हणून बसे तेव्हा तर रान मोकळंच. तिथे एकाच प्रश्नावर कितीदाही बोलता येई आणि सूचनेला अनुमोदकही लागत नसे. तिथल्या सूचना दोन: ‘झालेल्या कामाचा अहवाल द्यावा’ आणि ‘अध्यक्षांनी आसन सोडावं’. त्याही आलटून पालटून.

प्रत्येक सूचनेवर मतविभागणी मागायची. घंटा वाजायच्या, टेबलावरचं दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ उलटं व्हायचं, दारं बंद व्हायची, आणि शेकडो माणसं उठून ‘होय’ आणि ‘नाही’च्या दोन मार्गिकांतून एकेक करून बाहेर पडायची. दाराशी दोन्ही बाजूंचे दोन-दोन मोजणीदार उभे. यात पंधराएक मिनिटं सहज जात. मतविभागणी होण्यासाठी विरोध करणाऱ्यांना काय लागे? फक्त दोन मोजणीदार. त्यांच्या बाजूला एकही मत पडलं नाही तरी चाले. मोजणीदार मिळाला नाही तर मात्र मतविभागणी होतच नसे. म्हणजे एकटा माणूस फार तर लांब भाषण ठोकू शकत होता, पण दोघे मिळून सगळ्या सभागृहाला पायपीट करायला लावू शकत होते. बिगरला पार्नेल हवा होता तो यासाठी. सात जण असतील तर हिशोब असा: एका सूचनेवर प्रत्येकी वीस मिनिटं धरली तरी १४० मिनिटं, वर मतविभागणीची १५. एका सूचनेत अडीच तासांहून जास्त.

अशी अडवणूक फसते कुठे? एक, विषय सोडला की. स्पीकर लगेच टोकतो, आणि तीन-चारदा टोकलेला सभासद स्वतःच्याच लोकांना नकोसा होतो. दोन, राग आला की. समोरून आरडाओरडा, कोंबड्याची बांग, बूट आपटणं हे सगळं चालायचं. उत्तर द्यायला गेलात तर नियमभंग तुमचा ठरतो. बिगरची खासियत अशी की त्याला राग यायचाच नाही. शांतपणे थांबायचा आणि पुन्हा त्याच ओळीपासून सुरू करायचा. तीन, दुरुस्त्या पोकळ असल्या की. पार्नेलने ही गोष्ट बिगरपेक्षा चांगली ओळखली. १८७७ च्या तुरुंग विधेयकावर त्याने दिलेल्या दुरुस्त्या कामाच्या होत्या, कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या. १८७९ च्या लष्करी शिस्तीच्या विधेयकात फटक्यांच्या शिक्षेवर इतका खल झाला की कमाल फटके ५० वरून २५ वर आले. इंग्रज जहालही, चेंबरलेनसारखे, त्या वादात सामील झाले. दोन वर्षांनी ती शिक्षाच गेली. अशा वेळी ‘हे नुसता वेळ खातात’ असं म्हणणं सरकारला जड जाई.

आणि चौथी अडचण घरचीच. बटला हे सगळं असह्य होत होतं. एप्रिल १८७७ मध्ये त्याने भर सभागृहात पार्नेलला फटकारलं आणि इंग्रजांच्या टाळ्या मिळवल्या. आयर्लंडमध्ये लोकांनी त्या टाळ्याच मोजल्या. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या आयरिश लोकांच्या होमरूल संघटनेने बटच्या जागी पार्नेलला अध्यक्ष केलं. दोन वर्षांनी बट वारला.

२७ जुलै १८७७ ला सरकारने दोन नवे नियम करून घेतले. दोनदा ताकीद मिळालेल्या सभासदाला त्या चर्चेपुरतं गप्प करता येईल, आणि समितीत एका प्रश्नावर एका सभासदाला तहकुबीची एकच सूचना मांडता येईल. भोक कुठे राहिलं ते बघा: सूचना माणशी एक, पण माणसं सात असतील तर सूचना सात. शिवाय कलम बदललं, दुरुस्ती बदलली की प्रश्न नवा आणि हक्कही नवा. चारच दिवसांनी, ३१ जुलैला, दक्षिण आफ्रिकेतल्या वसाहतींच्या संघराज्याचं विधेयक समितीत आलं. दुपारी ४ ला बसलेली बैठक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ नंतर उठली. २६ तास, आणि समोर लढणारे जेमतेम सात. सरकार पक्षाने झोपेच्या पाळ्या लावल्या, समितीच्या अध्यक्षांच्याही पाळ्या लागल्या. शेवटी विधेयक मंजूर झालंच.

अशा अडवणुकीने बहुधा विधेयक मरत नाही. एक विधेयक २६ तास खातं तेव्हा मरतात त्याच्या मागे रांगेत उभी असलेली इतर विधेयकं, ज्यांना ऑगस्टमध्ये वेळच उरत नाही. किंमत मोजतो तो ज्याचं त्या भांडणाशी देणंघेणं नाही असा इंग्रज खासदार. त्याने चिडून सरकारला विचारावं, ‘या आयरिश लोकांचं एकदाचं काय ते करून टाका ना,’ हाच तर डाव होता.

१८८० च्या फेब्रुवारीत नियम आणखी घट्ट झाला: स्पीकरने नाव घेऊन पुकारलेल्या सभासदाला उरलेल्या बैठकीपुरतं निलंबित करता येईल. त्याच वर्षी निवडणुकीनंतर पार्नेल पक्षाचा नेता झाला. बाहेर लँड लीगचं शेतकरी आंदोलन पेटलं होतं, बिगर तिच्या खजिनदारांपैकी एक. पार्नेल, बिगर आणि इतरांवर डब्लिनमध्ये कटाचा खटला चालला. २५ जानेवारी १८८१ ला ज्यूरीचं एकमत न झाल्याने तो बारगळला. आदल्याच दिवशी लंडनमध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने नवं दडपशाही विधेयक आणलं होतं: नुसत्या संशयावरून, खटल्याशिवाय अटक.

या विधेयकाच्या मांडणीवरच, म्हणजे ‘विधेयक आणायला परवानगी असावी का’ एवढ्याच प्रश्नावर पाच दिवस गेले. सोमवार, ३१ जानेवारीला दुपारी ४ वाजता बसलेली बैठक मंगळवार उलटून बुधवारी सकाळपर्यंत चालूच होती. स्पीकर हेन्री ब्रँड मधल्या काळात विश्रांतीला जायचा, त्याच्या जागी उपाध्यक्ष बसायचा. पण मंगळवारीच ब्रँड आणि ग्लॅडस्टन यांचं काय करायचं ते ठरलं होतं. बुधवारी, २ फेब्रुवारीला, सकाळी ९ नंतर ब्रँड आत आला तेव्हा बोलत कोण होता? बिगर. स्पीकर आसनावर येतो म्हणून रिवाजाप्रमाणे तो खाली बसला. पुन्हा आपल्यालाच पुकारतील असं त्याने गृहीत धरलं होतं. ब्रँडने पुकारलं नाही. उभ्यानेच हातातला कागद वाचला: नेहमीचे नियम निरुपयोगी ठरले आहेत, सभागृहाची प्रतिष्ठा धोक्यात आहे, म्हणून मी आता कोणालाही बोलू देणार नाही, प्रश्न थेट मताला टाकतो. याला आधार कुठल्याही नियमाचा नव्हता. साडेएकेचाळीस तासांची बैठक अशी संपली. आयरिश सभासद ‘हक्कभंग, हक्कभंग’ असं ओरडत, स्पीकरला वाकून नमस्कार करत बाहेर पडले.

नियम पाळून अडवणूक करणाऱ्यांना हरवायला स्पीकरलाच नियमाबाहेर जावं लागलं. बिगरच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण कुठला विचाराल, तर तो बोलायचा थांबला तो हाच.

दुसऱ्याच दिवशी लँड लीगचा संस्थापक मायकेल डेव्हिट याला अटक झाली आणि सभागृहात गदारोळ उठला. ३६ आयरिश सभासद एका संध्याकाळी निलंबित झाले. त्यांनी मतविभागणीच्या मार्गिकेत जायलाही नकार दिला आणि जागेवर बसून राहिले, तेव्हा बऱ्याच जणांची नावं एकगठ्ठा घ्यावी लागली. सार्जंट-ॲट-आर्म्सचा, म्हणजे सभागृहात शिस्त राखणाऱ्या अधिकाऱ्याचा, हात खांद्याला लागेपर्यंत कोणी उठायचं नाही, असं ठरलेलं होतं. ते बाहेर गेल्यावर ग्लॅडस्टनने ‘तातडी’चे नियम मंजूर करून घेतले. तरीही विधेयकाचा कायदा व्हायला २ मार्च उजाडला.

१८८२ च्या शरद ऋतूत खास बैठक भरवून चर्चाबंदीचा कायमचा नियम झाला. स्पीकरला वाटलं की सभागृहाची मर्जी स्पष्ट आहे, तर ‘आता मत घ्यावं’ हा प्रश्न टाकता येई, पण बाजूने २०० हून अधिक मतं हवीत, किंवा विरोधात ४० पेक्षा कमी असतील तर १०० हून अधिक. आकडे असे विचित्र का? छोट्या टोळीला रोखायचं, पण खऱ्या विरोधी पक्षाचा गळा दाबायचा नाही, म्हणून. त्याचबरोबर कंटाळवाणी पुनरुक्ती करणाऱ्याला खाली बसवण्याचा अधिकारही स्पीकरला मिळाला. या नियमाचा वापर क्वचितच झाला, कारण पुढाकार स्पीकरने घ्यायचा होता आणि त्याला पक्षपाताचा शिक्का नको होता. म्हणून १८८७ मध्ये पुढाकार कोणाही सभासदाकडे दिला, स्पीकरकडे फक्त नकाराधिकार ठेवला. १८८८ मध्ये बाजूची मतं २०० वरून १०० वर आणली. तो १०० चा आकडा तिथे आजही आहे. १८८७ मध्येच आणखी एका आयरिश दडपशाही विधेयकासाठी गिलोटिन आलं: १७ जूनला रात्री १० वाजले की उरलेली सगळी कलमं चर्चेविना मताला.

ही हत्यारं बाद होईपर्यंत आयरिश पक्षाला त्यांची तेवढी गरजही राहिली नव्हती. १८८४ च्या कायद्याने मताधिकार वाढला, आणि १८८५ च्या निवडणुकीत लिबरल ३३५, काँझर्व्हेटिव्ह २४९ आणि पार्नेलचे ८६ असं चित्र आलं. ३३५ वजा २४९ बरोबर ८६. सरकार कोणाचं, हे आता पार्नेल ठरवणार होता. ग्लॅडस्टनने १८८६ मध्ये होमरूलचं विधेयक आणलं, ते ३० मतांनी पडलं, पण बटला जन्मभर जे जमलं नाही ते या पक्षाने बारा वर्षांत करून दाखवलं.

बिगर या काळात वेस्ट कॅव्हनचा खासदार होता, आणि नेत्यापुढे मान न तुकवणारा. १८८६ च्या फेब्रुवारीत पार्नेलने गॉलवेच्या पोटनिवडणुकीत कॅप्टन ओशे याला उभं केलं. ओशे पक्षाची शपथ घ्यायलाही तयार नव्हता, आणि त्याच्या बायकोशी पार्नेलचे संबंध आतल्या गोटात माहीत होते. बिगर आणि पक्षाचाच दुसरा खासदार टिम हीली उघड विरोधाला गॉलवेत पोचले. पार्नेल तिथे आल्यावर हीली नमला. बिगर नमला नाही. १८८९ च्या डिसेंबरमध्ये ओशेने घटस्फोटाचा दावा लावला. १९ फेब्रुवारी १८९० ला बिगर लंडनमध्ये वारला. त्याच वर्षाअखेर निकाल लागून पक्ष दुभंगला, ते त्याने पाहिलं नाही.

आपल्याकडे हे नियम ब्रिटिश संसदीय पद्धतीबरोबरच आले. लोकसभेच्या नियम ३६२ प्रमाणे कोणीही सभासद ‘आता मत घ्यावं’ अशी सूचना मांडू शकतो आणि वाजवी चर्चेचा हक्क डावलला जातोय असं वाटलं तर अध्यक्ष ती नाकारू शकतात. हे थेट १८८७ चं सूत्र, फक्त १०० मतांची अट नाही. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्यांच्या मागण्यांना ‘गिलोटिन लावलं’ अशी बातमी येते, तेव्हा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकलेल्या असतात. नाव घेऊन निलंबन करण्याचा नियम ३७४ हाही त्याच घराण्यातला. आणि ‘परके दिसतात’ हे वाक्य हाऊस ऑफ कॉमन्सच्या नियमांतून गेलं ते १९९८ मध्ये. तोवर अधूनमधून कोणीतरी ते उच्चारायचं, आणि मतविभागणीत वीसेक मिनिटं जायची.